अनोळखी गिऱ्हाईक

"हाटमा बठनं, तं लाज घर ठेवनी."

हे लोटनचं वाक्य. तराजू उचलताना म्हणायचा, जीपच्या टपावर मिरचीची गोणी चढवताना म्हणायचा, आणि ऐकणारा परगावचा असला तर समजावूनही सांगायचा, की बाबा रे, बाजारात बसायचं असेल तर लाज घरी खुंटीला टांगून यावी. ती सोबत आणली तर माल तसाच परत न्यावा लागतो. अनुसयाबाई लग्न होऊन कळसाडीला आली, तेव्हा नवऱ्याच्या तोंडून तिनं ऐकलेलं पहिलं वाक्य तेच. नाव घ्यायला ती लाजत होती, बायका हसत होत्या, आणि हा शेजारून हळूच ते बोलला. तिला वाटलं, आपण संसारात आलो की दुकानात!

म्हण त्याच्या आईची. ती डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेऊन बाजार करायची. पुढं भावांच्या वाटण्या झाल्या. थोरल्या गोपालनं नदीकडची काळी जमीन धरली आणि लोटननं आईचा तराजू मागून घेतला. गाव हसलं. गुजराच्या पोरानं कापूस-ऊस सोडून बाजारात फडकं अंथरलं म्हणाले. गोपालनं तर भावाशी बोलणंच तोडलं. लोटनला त्याचं काही नव्हतं. कारण तराजूबरोबर आईकडून आणखी एक वाटणी त्याला मिळाली होती, ती कुणाच्या डोळ्यांना दिसलेली नव्हती. आई मिरची विकता विकता गोष्ट सांगायची. लोटनही सांगू लागला.

तळोद्याच्या आठवडी बाजारात, कय्युमच्या मोबाईल दुकानासमोर त्याची जागा. डावीकडे लाल मिरचीचा ढीग, उजवीकडे धने, हळद, आणि मागं अनुसयाबाई पुड्या बांधायला. गिऱ्हाईक आलं की लोटन पारड्यात मूठमूठ मिरची टाकायचा आणि प्रत्येक मुठीबरोबर गोष्ट पुढं सरकायची. राणी विहिरीच्या काठावर आली की एक मूठ. तिनं वाकून पाहिलं की दुसरी मूठ. पाण्यात तिला तिचं तोंड न दिसता भलतंच तोंड दिसलं, की काटा सरळ! मग पुडी हातात, आणि गोष्ट तिथंच बंद.

"पुढे काय व्हयनं, लोटनभाऊ?"

"पुढलं पुढला बाजारले."

अशी त्याची रीत. माणसं शिव्या देत जायची आणि पुढच्या बाजारी सगळ्यात आधी त्याच्याकडेच यायची. सातपुड्याच्या एका पाड्यावरून डोंगरसिंग नावाचा पावरा म्हातारा जीपनं यायचा, पावशेर मिरची घ्यायचा, उकिडवा बसून गोष्ट, त्याच्या बोलीत गोठ, ऐकायचा आणि निघून जायचा. एकदा अनुसयाबाईनं त्याला विचारलं, "दादा, इतली मिरची लागस तुले?" तो बोळकं पसरून हसला. म्हणाला, "मिरची मन्हा आंगनमा बी शे. गोठ नही ना!"

गावात लोटनच्या आवाजाचा दुसरा उपयोग होता. लग्नात आहेर पुकारायला त्याच्याशिवाय माणूस नव्हता. मांडवात माईक धरून तो एकेक नाव असं घ्यायचा, की स्टीलचा डबा देणाऱ्यालाही वाटावं आपण हत्ती दिला. पण त्या कामात एक नियम तो काटेकोर पाळायचा. आवाज सगळ्यांना सारखा. थोराचा आहेर मोठ्यानं आणि गरिबाचा हळू असं त्यानं कधी केलं नाही. गावही आहेराच्या बाबतीत तसंच. शेजाऱ्यानं दिलं तेवढंच द्यायचं. कमी दिलं तर अपमान, जास्त दिलं तर त्याला खाली पाहायला लावल्यासारखं.

हे सगळं असंच चाललं असतं, आणि चालावं असं अनुसयाबाईला आजही वाटतं. पण कय्युमच्या दुकानातून लोटनच्या हातात टचचा फोन आला.

कय्युमची मुलगी अस्मा कॉलेजात शिकत होती. तिनं एक दिवस लोटनकाकांना दाखवलं, की हे पाहा, या ॲपवर कुणीही आपलं पुस्तक आपणच टाकू शकतं. छापखाना नको, प्रकाशक नको. भाग भाग टाकायचे, लोक वाचतात, आवडलं तर तारे देतात. ज्याला तारे जास्त त्याचं पुस्तक पहिल्या पानावर येतं, आणि मग ते जगभर विकत जातं. लोटन ऐकत राहिला. पहिलं पान म्हणजे बाजारातली रस्त्यालगतची जागा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दुपारी बाजार थंडावला की तो दुकानाच्या मागच्या खोलीत बसून फोनला गोष्ट सांगू लागला. फोनला अहिराणी कळेना, म्हणून शाळेतली मराठी आठवून आठवून बोलायचा. अक्षरं आपोआप उमटत, चुकलेली अस्मा नीट करी. गोष्ट एका नावाडणीची होती. तापीच्या पात्रात लोकांना पैलतीरी नेणारी म्हातारी. पुढं नदीवर पूल होतो, नावेत कुणी बसत नाही, तरी ती रोज सकाळी उठून नावेचा दोर सोडते. लोटननं ती बाजारात सांगायला सुरुवात केली होती, अर्ध्यावर आली होती. तीच त्यानं पुस्तकासाठी घेतली.

तिथं कय्युमनं त्याला शहाणपणाची गोष्ट सांगितली. वाईट हेतूनं नाही.

"लोटनभाऊ, एक बात बोलू? एक तरफ किताब बेचनी है और दुसरी तरफ वही गोष्ट बाजारमें फुकट बाँटनी है? फुकट ऐकल्यावर विकत कोन घेईल?"

लोटननं पुष्कळ विचार केला. आणि बाजारात गोष्ट सांगणं बंद केलं.

डोंगरसिंग येऊन उकिडवा बसला तेव्हा लोटन त्याला म्हणाला, "दादा, ती गोठ आते पुस्तकमा गई."

"पुस्तक? मी वाचत नही."

"मंग नातूले सांग मोबाईलमा वाचाले."

डोंगरसिंगच्या पाड्यावर मोबाईलला आवाज यायचा नाही, मग पुस्तक कुठून यायचं? त्यानं पावशेर मिरची घेतली, थोडा वेळ तसाच बसला, उठून गेला. पुढच्या बाजारी परत आला. मिरची घेतली. बसला. गेला. असं वर्षभर.

पुस्तकाकडे मात्र कुणी फिरकेना. लोटननं जे जे सुचेल ते केलं. रोज सकाळी नावेचं चित्र काढून घेऊन 'सुप्रभात' लिहून पुस्तकाचा पत्ता सगळीकडे पाठवला. भाऊबंदांच्या ग्रुपमधून गोपालच्या पोरानं त्याला काढून टाकलं. सोयऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की मिरची विका, सकाळी सकाळी पुस्तक नका विकू. मग त्यानं कय्युमकडून चौकटीची ती काळीपांढरी खूण छापून घेतली आणि मिरचीच्या प्रत्येक पुडीवर चिकटवली. फोन धरला की पुस्तक उघडेल अशी. लोकांना वाटलं पैसे द्यायची खूण आहे. एक बाई तर भांडायला आली.

"ओ भाऊ, पैसा जाई नही ऱ्हायनात! एक म्हतारी दिसी ऱ्हायनी नावमा बठेल!"

सगळा बाजार हसला. लोटनही हसला. "बाई, पैसा ऱ्हाऊ द्या, त्या म्हतारीनं ऐका जरासं," म्हणाला. "हाटमा बठनं, तं लाज घर ठेवनी." बाई रोख पैसे टाकून निघून गेली. अनुसयाबाईनं पाहिलं, हसता हसता त्याचा चेहरा कसा होता.

असा पडता काळ चालू असताना एके दिवशी पुस्तकाखाली एक ओळ आली. लिहिणारीचं नाव मयूरी. आडनाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी एक जास्वंदीचं फूल. 'सुरतला दवाखान्यात कामाला आहे, रात्रपाळीत वाचते. पुढचा भाग कधी?' एवढंच. लोटननं ते अनुसयाबाईला इतक्या वेळा वाचून दाखवलं, की वाचता येत नसूनही तिला ती ओळ पाठ झाली. पुढं प्रत्येक भागाखाली मयूरीचं काहीतरी येऊ लागलं. जेवताना अनुसयाबाई टोमणा मारायची.

"काय म्हनस आज मन्ही सवत?"

"म्हनस, म्हतारीले उगाच रडाई दिधं. ती रडनारी बाई नही."

"म्हंजे नाव ठेवं का तिनी?"

"नाव ठेवं!" लोटन भाकरी हातात तशीच धरून बोलला. "अनुसया, माले गोष्टी सांगता जलम गया. कोनी नाव ठेवं का कधी? समदा 'वा लोटनभाऊ, वा लोटनभाऊ.' ह्या पोरले मन्हं तोंड म्हाईत नही, मन्हं गाव म्हाईत नही. तरी म्हनस, आठे चुकनं. म्हंजे तिनी वाचं. खरंखुरं वाचं!"

बाजाराचं त्याचं एक गणित होतं. ओळखीचं गिऱ्हाईक तुझ्याकडे पाहून माल घेतं, चाखत नाही. अनोळखी गिऱ्हाईक मिरचीचं टोक तोडतं, जिभेला लावतं, तोंड वाकडं करतं, निघून जातं. पण तेच जर पुढल्या बाजारी परत आलं, तर समजावं माल खरा. जन्मभर लोटन ओळखीच्या माणसांत गोष्टी सांगत आला होता. त्याच्या मालाची पारख करणारं अनोळखी गिऱ्हाईक त्याला आता भेटलं होतं. एकच. त्या एका गिऱ्हाइकासाठी त्यानं म्हातारीचं रडणं पुसून टाकलं, तो भाग पुन्हा सांगितला, आणि खरोखर तो पहिल्यापेक्षा चांगला झाला. अनुसयाबाईलाही ते कळलं.

मग शेवटचा भाग राहिला. मयूरीनं लिहिलं, 'शेवट घाईत करू नका. मी थांबते.' लोटन महिनाभर त्या शेवटाशी झुंजला. रानात बोलायचा, न्हाताना बोलायचा, पुड्या बांधताना ओठ हलायचे. एका सकाळी अनुसयाबाईसमोर बसून त्यानं तो संपूर्ण सांगितला. ती चुलीपुढं होती. तिनं भाकरी करपू दिली.

"टाकी दे आते," ती म्हणाली.

"दोन दिवस थांबस. आपला बाजार व्हवा नंतर टाकसू."

आणि त्या दोन दिवसांत तिनं ते केलं.

तिला वाटलं, इतकं चांगलं पुस्तक पुरं होतंय आणि ते बाजाराच्या मागच्या कोपऱ्यात पडलंय, कुणी पाहत नाही. तारे पाहिजेत ना? गावात माणसं आहेत, माणसांकडे फोन आहेत. ज्यानं सगळ्या गावाचे आहेर पुकारले त्याचा आहेर गावानं का करू नये? लोटन तळोद्याला गेलेला असताना तिनं कुंकवाचा करंडा घेतला आणि लग्नाला करतात तसं घरोघर बोलावणं केलं. बायांना कुंकू लावलं, संध्याकाळी पारावर यायला सांगितलं. गोपालच्या दारापाशी ती घोटाळली. मग आत गेली, जावेला कुंकू लावलं, आणि मागं न पाहता निघाली.

संध्याकाळी पारावर मांडवासारखी गर्दी. योगेंद्र नावाचा पोरगा गावात लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून द्यायचा. तो खुर्ची टाकून बसला, त्याच्या फोनवरून सगळ्यांना नेट दिलं. ज्यांच्याकडे साधे फोन होते त्यांच्या नावानं दुसऱ्यांच्या फोनवर खाती उघडली. पहिला मान धुडकूदादाचा, गावातला वडील माणूस. योगेंद्रनं विचारलं, "दादा, पाच तारा दिधात. लिखू काय?"

"लिख. लोटनभाऊनं पुस्तक एक नंबर."

मागं जसोदाबाई काठी टेकून उभी. "मन्हं काय लिखशी रे?"

"तू सांग ना, माय."

"धुडकूनी काय लिखं?"

"एक नंबर."

"मंग तेच टाक. आनि तारा?"

"त्यानी पाच दिधात."

"मन्हा बी पाच. माले तं वरला तारा दिसत नही, मोतीबिंदू शे. पन कमी नको आनि जास्त बी नको."

तसंच झालं. कुणी शब्द बदलला नाही. बदलला असता तर धुडकूदादाच्या वरचढ केल्यासारखं झालं असतं. लोटन तळोद्याहून उतरला तेव्हा पारावर दिवे लागलेले, आणि कुणीतरी लग्नाचा माईकही आणून लावलेला. त्याला काही कळेना. धुडकूदादानं माईक त्याच्या हातात दिला.

"पुकार."

"कसाना आहेर? कोनं लगन?"

"तुन्हा पुस्तकनं. तुन्हा आहेर, तूच पुकार."

"मन्हाच आहेर मी पुकारू? लाज वाटस, दादा."

"हाटमा बठनं, तं?" धुडकूदादा ओरडला, आणि सगळा पार एका आवाजात म्हणाला, "लाज घर ठेवनी!"

मग लोटन पुकारू लागला. धुडकूदादा, पाच तारे. जसोदाबाई, पाच तारे. सरलाबाई, पाच तारे. आवाज सगळ्यांना सारखा. योगेंद्र नाव सांगत होता, लोटन पुकारत होता, आणि एका नावापाशी तो अडला. माईकमधून नुसता श्वास ऐकू आला. गोपाल, गर्दीच्या कडेला, नव्या फोनकडे पाहत उभा होता. "गोपालआप्पा," लोटन म्हणाला, आणि आयुष्यात एकदाच त्याचा आवाज सारखा राहिला नाही. अनुसयाबाई पाराखाली बायांत बसली होती. तिनं पदर तोंडात धरला. आपण आज सोनं केलं असं तिला वाटलं.

सकाळी लोटन अंघोळ करून शेवटचा भाग टाकायला बसला. ॲप उघडेना. आपला नंबर टाकला, घेईना. त्यानं पुस्तक शोधलं. नावाडीण कुठंच नव्हती. मयूरीच्या ओळी नव्हत्या. तिथं पांढरं पान होतं.

"काय व्हयनं?" अनुसयाबाईनं विचारलं.

"काही बिघाड शे."

तो तळोद्याला जाऊन आला, आणि आल्यावरही तेच म्हणाला. बिघाड आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी अनुसयाबाई कय्युमच्या बायकोसाठी, सलीमासाठी, मेथीची जुडी घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. तिथं लोटन आणि अस्मा फोनपुढं बसलेले. लोटननं तिला पाहून अस्माला हातानं खूण केली. अस्माची पाठ होती. ती वाचत गेली.

"बघा काका, परत तेच आलंय. 'आपल्या पुस्तकाला एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, एकसारख्या शब्दांत अनैसर्गिक प्रतिसाद मिळाले आहेत. नियमभंगामुळे आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.'"

अनुसयाबाई दारात उभी राहिली. "अनैसर्गिक म्हंजे काय, बेटा?"

अस्मा वळली. लोटनकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "म्हणजे खोटे, चाची. ते म्हणतात, माणसं खरी नाहीत. पारावरून जे सगळ्यांनी एकदम दिलं ना, ते."

"कोन खोटं?" लोटनचा आवाज एकदम चढला. "धुडकूदादा खोटा? जसोदाबाई खोटी? मन्हा भाऊ खोटा? लिख त्यास्ले! लिख, की आठे या. कळसाडीले या. समदं गाव उभं करस तुमना पुढे. एकेक मानूस हात लाई दखा. दालबट्टी खावाडसू, मुक्कामले खाट देसू. पन खोटं म्हनू नका."

अस्मानं ते सगळं नीट इंग्रजीत लिहून पाठवलं. सलीमानं चहा ठेवला होता. चहाला उकळी येण्याआधी उत्तर आलं. तेच उत्तर, तेच शब्द, स्वल्पविरामसुद्धा तोच.

"कोनी वाचं बी नही," लोटन म्हणाला.

"मशीन देतंय उत्तर, काका. माणूस नाहीये तिकडे."

कय्युम गल्ल्यावरून उठून आला. म्हणाला, "मेरे नामसे नया खाता खोलते हैं ना, भाऊ. गोष्ट तो आपको पाठ है."

"पाठ शे," लोटन म्हणाला. "पन तुन्हा नावनं मयूरी माले वळखी कसी?"

अस्मानं मयूरीला शोधून पाहिलं. सुरतेच्या दवाखान्यांत मयूरी नावाच्या इतक्या मुली निघाल्या, की ती थकली. आणि ते तिचं खरं नाव होतं, हे तरी कुणाला माहीत?

घरात शिरल्यावर अनुसयाबाईनं करंडा कोनाड्यात लोटून दिला. "कुंकू मी लावं घरघर. मीच बुडाई दिधं तुले. माले बोल. एकदाव तरी बोल!"

लोटन खाटेवर बसला होता. "तू तं आहेर दिधा," म्हणाला. "आहेर करनारले कोनी बोलस का?" आणि मग, "गावमा सांगू नको. त्यास्ना आहेर परत फिरना, असं कसं सांगनं कोनाले?"

तिनं सांगितलं नाही. त्यानंही नाही. म्हणून गाव विचारत राहिलं. पाणवठ्यावर, बसथांब्यावर, लग्नात. "लोटनभाऊ, ऊनं का पुस्तक पहिला पानवर?" तो म्हणायचा, "येई." धुडकूदादा परगावच्या पाहुण्यांना सांगायचा, "आमना गावना आहेरना जोर शे त्या पुस्तकमांगे!" लोटन मान डोलवायचा. गोपालआप्पा आता बोलू लागला होता, घरी येऊन बसायचा, आणि तोही तेच विचारायचा. इतक्या वर्षांनी मिळालेल्या भावाला लोटन दर वेळी खोटं सांगायचा, आणि भाऊ निघून गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचा. अनुसयाबाई वाट पाहायची, की हा कधी चिडेल, भांडं आपटेल. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता कमी होत गेला. आधी पारावर जाणं गेलं. मग आहेर पुकारणं गेलं. घसा धरलाय म्हणायचा. मग एक दिवस उरलेल्या पुड्यांवरच्या त्या काळ्यापांढऱ्या खुणा नखानं खरवडत बसला. मिरची डोळ्यांत गेली, तरी खरवडत राहिला.

म्हण मात्र तो कुठं टाकून आला, ते तिला कळलंच नाही. एक दिवस लक्षात आलं, की गोणी जीपवर चढली आणि तो काही बोलला नाही.

मागच्या उन्हाळ्यातला तळोद्याचा बाजार. नवी मिरची आलेली, ढीग लालभडक, ठसक्यानं माणसं खोकत चाललेली. लोटन बसला होता, पण मान खाली. अनुसयाबाईच गिऱ्हाइकांना हाका मारत होती. डोंगरसिंग आला. पावशेर म्हणाला आणि उकिडवा बसला. लोटन मुकाट्यानं मूठमूठ टाकू लागला.

"ती म्हतारी," डोंगरसिंग म्हणाला. "नाव सोडस रोज. मंग काय व्हयनं तिनं?"

लोटननं आणखी एक मूठ टाकली.

"मी म्हतारा व्हयनू, लोटन. तिनं काय व्हयनं, ते तरी सांग."

दुकानाच्या पायरीवरून कय्युम ओरडला, "सुना दो भाऊ! अब किसका डर? अब तो किताब भी नहीं रही." बोलल्यावर त्यानं जीभ चावली. पण बोलणं ऐकून दोनचार माणसं थांबली. जुनी गिऱ्हाइकं होती. एकानं पिशवी खाली ठेवली. अनुसयाबाईचा हात पुडीवर थांबला. तिच्या कानात तो शेवट आताही जसाच्या तसा होता, चुलीपुढं ऐकलेला, करपल्या भाकरीच्या वासासकट. तिनं मनात म्हटलं, सांग. बाबा, सांग आता.

लोटननं मूठ भरली. पारड्यावर धरली. ओठ उघडले. वर्षांची सवय, आवाज घशापर्यंत आला असणार, कारण त्याची मान जराशी वर झाली, तशी ती गोष्टीआधी व्हायची. त्यानं समोरची तोंडं पाहिली. सगळी ओळखीची.

मूठ पारड्यात रिकामी केली. काटा सरळ झाला.

"माले याद नही," तो म्हणाला.

अनुसयाबाईला कळलं, आज हा लाज घरी ठेवून आलेला नाही. तिनं काही म्हणायच्या आत तो उठला, आईचा तराजू तिच्या मांडीवर ठेवला, टोपी कपाळावर ओढली आणि फडक्यावरून उतरून गर्दीत निघाला. जीपा उभ्या होत्या त्या बाजूला नाही, दुसरीकडेच. भाजीच्या ओळीतून, मग भांड्यांच्या ओळीतून. एकदोघांनी "लोटनभाऊ" म्हणून हाक मारली. तो थांबला नाही.

अनुसयाबाई तराजू धरून बसली होती, तिला उठता आलं नाही. कय्युम पायरीवर उभा राहून पाहत होता. डोंगरसिंग पुडी हातात घेऊन तसाच उकिडवा, मान लांब करून, ती पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. मग अनुसयाबाईकडे वळून त्यानं विचारलं,

"पुढला बाजारले सांगी का?"

ती अजून तिकडेच पाहत होती.